कापूस मँचेस्टरला, कॉफी इटलीला

हल्ली वऱ्हाडातल्या कुठल्याही लग्नात पाणीपुरीच्या ठेल्याशेजारी एक चकचकीत स्टीलचं यंत्र उभं असतं. त्यावर लाल अक्षरांत ‘एस्प्रेसो’ नाहीतर ‘एक्सप्रेसो’ लिहिलेलं असतं. यंत्रापाशी उभा असलेला पोऱ्या इन्स्टंट पावडर आणि साखर थोड्याशा दुधात घोटून ठेवतो, दुधाचं भांडं वाफेच्या नळीखाली धरतो, फस्स असा आवाज होतो, भांडंभर फेस येतो आणि वरून चॉकलेटची भुकटी पडते. बाहेर अकोल्याचा मे महिना पंचेचाळिशीला टेकलेला असला, तरी या यंत्रासमोरची रांग हटत नाही.

इटलीतल्या माणसाला हा कप दाखवला, तर तो याला एस्प्रेसो म्हणणार नाही. पण इतिहासाच्या बाजूनं पाहिलं, तर आपलं मांडवातलं यंत्र अगदीच उपरं नाही. तुरीन शहरातल्या आंजेलो मोरिओन्दो यानं १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं. १९०१ मध्ये मिलानच्या लुईजी बेझ्झेरानं एकेक कप चटकन काढून देणारं यंत्र केलं, आणि देसिदेरिओ पावोनीनं ते पेटंट विकत घेऊन यंत्राचा धंदा वाढवला. या यंत्रांत पाणी ढकलायचं काम वाफेचं होतं, दाब जेमतेम दीड बार आणि पाणी फार तापलेलं, त्यामुळे कॉफीला करपट चव यायची. ही अडचण आकिले गाजिया यानं सोडवली. त्याचं पहिलं पेटंट १९३८चं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची दांडा ओढून चालवायची यंत्रं बाजारात आली. स्प्रिंगच्या जोरानं दाब आठ-नऊ बारपर्यंत गेला आणि कपावर पहिल्यांदा तो तांबूस साय धरल्यासारखा थर दिसला, ज्याला क्रेमा म्हणतात. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ यंत्रानं दांड्याऐवजी विजेचा पंप लावला. आज घरी घेतली जाणारी बहुतेक यंत्रं याच पंपाच्या वंशातली.

मांडवातलं यंत्र मात्र वाफेच्याच काळात थांबलेलं आहे, आणि तेही फक्त दुधापुरतं. त्याला बॉयलर असतो, दाबाचा काटा असतो, नळी असते. नसते ती फक्त कॉफीची बी.

अकोल्यात मी घरी एस्प्रेसो करायला लागलो त्याला आता काही वर्षं झाली. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘मशीन केवढ्याची?’ बी कुठली, कधी भाजलेली, हे अजून कुणी विचारलेलं नाही. याच गावात कापसाच्या गाडीत हात घालून, चिमटीत धागा ओढून, ओल किती आणि लांबी किती हे सांगणारी माणसं आहेत. धान्य, डाळ, कापूस, सगळ्याची पारख असलेल्या मुलखाला कॉफीची बी ओळखता येऊ नये, याचं मला नवल वाटत राहिलं. माझं मूळ गाव परतवाडा, म्हणजे चिखलदऱ्याचा घाट जिथून सुरू होतो ते. त्यामुळे हे नवल जरा जास्तच.

कारण चिखलदऱ्याला कॉफी पिकते. महाराष्ट्रात कॉफी कुठे होते, या प्रश्नाला सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अमरावती जिल्ह्यातल्या या एकाच गावाचं नाव असतं. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं शेजारचा गाविलगड जिंकला. पुढे १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं हे पठार साहेबलोकांच्या नजरेस आणलं, असं सांगितलं जातं. कोरकूंना ते त्याआधीपासून माहीत होतं, हे वेगळं सांगायला नको. खाली परतवाड्याला छावणी आणि वर हवा खायला चिखलदरा, अशी व्यवस्था बसली. बंगले आले, गिरिजाघर आलं, आणि ब्रिटिश काळातच कॉफीही आली.

जागा तशी आडवळणाची. कर्नाटकातले बाबाबुदनचे डोंगर तेराव्या अक्षांशाच्या आसपास आहेत, आंध्रातलं अराकू अठराव्या. चिखलदरा एकविसाव्याच्याही पुढे. पण उंची सुमारे १,११८ मीटर, पाऊस भरपूर, आणि जमीन आपल्याच काळ्या खडकाची. कॉफीच्या कळ्या उमलायला मार्च-एप्रिलमध्ये एखादी सर लागते. खाली वरूड-मोर्शीकडे संत्र्याला आणि गव्हाला जो अवकाळी पाऊस शाप वाटतो, तोच वर कॉफीच्या झाडाला हवा असतो.

मग ही कॉफी घाट उतरून वऱ्हाडाच्या स्वयंपाकघरात का आली नाही? पहिलं उत्तर कापसाचं आहे. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर आली. रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. पुढे अचलपूर ते मूर्तिजापूर अशी जी अरुंद रूळांची ‘शकुंतला’ धावली, तीही कापसासाठीच. चिखलदऱ्याच्या पायथ्यापर्यंत रूळ आले, पण वरच्या बागांचा माल इतका थोडा की त्याच्यासाठी कुणी बाजार उभा केला नाही. कापसाला बाजार मिळाला, दलाल मिळाले, प्रतवारी मिळाली. कॉफी साहेबाच्या टेबलापुरती राहिली.

दुसरं उत्तर पुडीचं आहे. मराठी घरात कॉफी आली ती दळलेली. मुंबईच्या पेस्तनजी एडलजी यांचा पोल्सन हा छाप आज लोण्यामुळे आठवतो, पण त्यांचा धंदा १८८८ मध्ये कॉफी दळून विकण्यापासून सुरू झाला होता. त्यांच्या ‘फ्रेंच कॉफी’त चिकोरी मिसळलेली असे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. रंग दाट येतो, कडूपणा येतो, पैसे वाचतात. त्या कडूपणावर उतारा म्हणून दूध, साखर आणि किसलेलं जायफळ आलं. पाहुण्यांसाठी, उपासाला, परीक्षेच्या रात्री जागायला, अशी ती प्रसंगाची कॉफी झाली. जायफळाची कॉफी मला आजही आवडते. पण तिच्यात चव असते ती जायफळाची, आणि त्यामुळे बी कुठली हा प्रश्नच पडत नाही.

तिसरं उत्तर कायद्याचं. १९३०च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळले. १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसला, त्या पैशांतून प्रचार सुरू झाला आणि १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाऊस उघडलं. युद्धामुळे निर्यात अडली तेव्हा १९४२चा कायदा आला. बागाईतदारानं घरच्या वापरापुरती कॉफी ठेवून बाकी सगळी कॉफी बोर्डाच्या एकत्रित साठ्यात द्यायची, बोर्ड तिचा लिलाव करणार, अशी ही ‘पूल’ पद्धत. तिनं लहान बागाईतदाराला बुडण्यापासून वाचवलं, हे खरंच. पण चिकमंगळूरच्या एका मळ्याची आणि कोडगूच्या दुसऱ्या मळ्याची कॉफी त्या साठ्यात एकदा मिसळली, की कुणाची कुठली हे संपलं. चांगलं पिकवणाऱ्याला आपल्या नावानं विकायची सोय नव्हती आणि पिणाऱ्याला नाव विचारायची. १९९२पासून हा कायदा सैल होत गेला आणि १९९६पर्यंत मळेवाल्यांना पूर्ण मोकळीक मिळाली. त्याच वर्षी बंगळुरूला कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. भारतातल्या मळ्यांची नावं छापलेल्या, भाजल्याची तारीख घातलेल्या पिशव्या दिसू लागायला त्यानंतरही बरीच वर्षं जावी लागली.

आता गंमत अशी, की आपल्याकडे पिकणाऱ्या कॉफीपैकी साधारण ७० टक्के बाहेर जाते आणि तिचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक बहुतेक वर्षी इटली असतो. भारताची रोबस्टा इटालियन मिश्रणांत घालतात, कारण तिच्यानं क्रेमा दाट येतो आणि कपाला अंग येतं. तिकडे ती भाजली जाते, डब्यात भरली जाते, डब्यावर इटालियन नाव चढतं, आणि त्यातला एखादा डबा अमरावतीच्या मॉलमध्ये ‘अस्सल इटालियन एस्प्रेसो’ म्हणून येतो. वऱ्हाडी माणसाला ही गोष्ट नवी नाही. कापूस बोंडातून मँचेस्टरला गेला आणि मांजरपाट होऊन परत आला, तेव्हा आपल्या पणजोबांनी तो विकत घेतला होता. कच्च्या मालाला आपला भाव, पक्क्या मालाला त्यांचा.

म्हणून घरच्या एस्प्रेसोचा विचार मी मशीनपासून करत नाही, बीपासून करतो. यात काही अवघड नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, हे आपल्याकडे शाळकरी पोरीलाही ठाऊक असतं. कॉफीचंही तसंच. भाजल्यावर बीमध्ये वायू कोंडलेला असतो, तोच पुढे क्रेमा होऊन वर येतो. भाजल्यापासून आठवडाभर थांबावं आणि महिना-दीड महिन्यात संपवावी. दळली की मात्र हिशेब मिनिटांचा होतो. म्हणून पिशवीवर भाजल्याची तारीख नसेल, तर बाकी कितीही सोनेरी अक्षरं असोत, मी ती घेत नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं मध्यम किंवा मध्यमहून थोडी गडद भाजलेली, चिकोरी नसलेली बी घ्यावी. अरेबिकाची बी लांबट, तिची मधली चीर नागमोडी. रोबस्टाची गोलसर, चीर सरळ, कॅफिन जवळपास दुप्पट. दुधाबरोबर पिणार असाल, तर थोडी रोबस्टा असलेलं मिश्रण चांगलं.

दुसरा खर्च चक्कीचा. पात्यांच्या मिक्सरमध्ये बी फुटते, दळली जात नाही. काही कण रव्यासारखे, काही मैद्यासारखे, आणि पाणी वाट मिळेल तिथून निघून जातं. जात्यासारख्या दोन दातेरी भागांमध्ये बी भरडणारी चक्की हवी, हातानं फिरवायचीही चालते. मशीनचा नंबर यानंतर. खोक्यावरचे १५ किंवा २० बार हे पंपाची ताकद सांगतात. कपाला लागतात नऊच. १८ ग्रॅम कॉफीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम रस पडला, की आपण वाटेवर आहोत. पैसे मर्यादित असतील, तर निम्मे चक्कीवर घालावेत. तेवढेही नसतील, तर १९३३ सालापासून चालत आलेलं मोका पॉट घ्यावं. त्यातून निघते ती एस्प्रेसो नव्हे, पण दाट आणि प्रामाणिक कॉफी.

आणि पाणी. हे पुण्या-मुंबईचे सल्लागार सांगत नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात आपण राहतो. इथलं बोअरचं पाणी मशीनमध्ये घातलं, तर चव जाते आणि आतल्या धातूचंही आयुष्य कमी होतं. अकोल्यात काटेपूर्णेचं आणि अमरावतीत अप्पर वर्धेचं नळाचं पाणी त्या मानानं बरं. मी आरओच्या पाण्यात थोडं गाळलेलं नळाचं पाणी मिसळतो, कारण निव्वळ आरओच्या पाण्यात कॉफी सपक लागते.

हे सगळं जमल्यावर मी चिखलदऱ्याला बिया मागायला गेलो. पावडरीच्या पुड्या पर्यटकांसाठी मांडलेल्याच असतात. विकणाऱ्या बाईंना म्हटलं, दळलेली नको, अख्खी द्या, कच्ची असली तरी चालेल. त्या म्हणाल्या, ‘बिया नेऊन का करता भाऊ? पावडर न्या ना, तयार आहे.’ मग आतून एका डब्यातून किलोभर काढून दिल्या. भाव त्यांनी मलाच विचारला, कारण बियांचा भाव त्यांना कुणी कधी विचारलेलाच नव्हता.

लोखंडी कढईत, मंद आचेवर, सतत हलवत मी त्या भाजल्या. दहाएक मिनिटांनी ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट झाला. लहानमोठ्या बिया एकत्र असल्यानं काही फिक्या राहिल्या, काही काळवंडल्या. त्या निवडून बाजूला काढल्या. आठवड्यानं काढलेल्या कपाला भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास होता, आंबटपणा थोडा, शेवट किंचित मातकट. कोडगूच्या उत्तम बीशी तिची तुलना होणार नाही. पण बिया रंग बघून तोडल्या, आकारानं वेगळ्या केल्या आणि नीट वाळवल्या, तर ती बरीच पुढे जाईल, एवढं त्या कपात कळत होतं. ही कामं मळ्यात होतात, आणि ती करायला मळेवाल्याला कारण लागतं. कारण म्हणजे विचारणारं गिऱ्हाईक.

कापसाच्या बाबतीत तसं विचारणारं गिऱ्हाईक आपण कधीच नव्हतो, विकणारे होतो. भाव लिव्हरपूलला ठरायचा. कॉफीत बी आपल्याच वऱ्हाडातली आहे, घोटही आपलाच आहे, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त घाटाचा रस्ता आहे. त्या बाईंना मी किलोला चारशे सांगितले. त्यांनी पाचशे घेतले, आणि पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करा म्हणाल्या, म्हणजे मोठ्या बिया वेगळ्या काढून ठेवता येतील.