तीन कोटी नोंदी आणि एक खोटी चिठ्ठी

२०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांनी 'ईबर्ड'वर केलेल्या जवळपास ३ कोटी नोंदी त्याच्या पायाशी होत्या. २०२० च्या पहिल्या अहवालात हीच संख्या १ कोटीच्या घरात होती. एवढ्या मोठ्या आकड्याचे कौतुक होणारच. पण नोंद विश्वासार्ह कशी ठरते, हा प्रश्न आकड्याहून जुना आहे, आणि त्याची एक विलक्षण कहाणी खानदेशाशी जोडलेली आहे.

१८७२ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी 'स्ट्रे फेदर्स' हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले. (पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच.) देशभर विखुरलेले सनदी अधिकारी, वनाधिकारी, रेल्वेचे अभियंते आपापल्या भागातील नोंदी हौसेने त्यांच्याकडे पाठवत. आजच्या नागरिक-विज्ञानाचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल. मात्र तेव्हा नोंद बहुधा बंदुकीनेच होई, आणि पक्षी शोधून देणाऱ्या स्थानिक शिकाऱ्यांचे नाव क्वचितच छापले जाई.

१८७३ मध्ये ह्यूम यांनी एका लहानशा घुबडाचे प्रथम वर्णन केले. तो रानपिंगळा. त्याचा नमुना एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडात मिळवला होता. पुढे जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात आणखी काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसाच झाला.

अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. कर्नलसाहेबांचा दबदबा मोठा, त्यामुळे चिठ्ठी खरी मानली गेली आणि ती अनेक दशके संदर्भग्रंथांत वावरत राहिली. रानपिंगळ्याचा शोध घेणाऱ्यांची त्यामुळे दिशाभूल झाली.

१९९० च्या दशकात पॅमेला रासमुसेन यांनी हा संग्रह बारकाईने तपासला. क्ष-किरण चित्रे आणि कातडे भरण्याची पद्धत यांवरून उलगडा झाला, की नमुना डेव्हिडसन यांचा होता. तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी अडकवलेली होती! मांडवी बाद झाली आणि शोध जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणांकडे वळला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या विरळ जंगलात रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मधे ११३ वर्षे गेली होती.

येथे चूक एका लबाड माणसाची होती, तशीच त्याच्या हुद्द्यावर विसंबणाऱ्या व्यवस्थेचीही होती. २००२ मध्ये सुरू झालेल्या ईबर्डची रचना या बाबतीत अधिक सावध आहे. अनपेक्षित पक्षी किंवा अवाजवी संख्या आली, की प्रणाली ती नोंद बाजूला काढते. मग त्या प्रदेशाचा स्वयंसेवक परीक्षक वर्णन वा छायाचित्र मागतो. नोंद करणारा प्राध्यापक असो वा शाळकरी मुलगा, प्रश्न तोच. शिवाय किती वेळ, किती अंतर आणि दिसलेले सर्व पक्षी नोंदवले का, हेही विचारले जाते, कारण काय दिसले नाही हीसुद्धा माहितीच असते.

ही काटेकोरता कशासाठी? ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल २०२३ च्या अहवालात ठरवता आला, त्यांपैकी २०४ जातींची घट झालेली दिसते. कोणत्या पक्ष्याच्या संरक्षणाला प्राधान्य द्यायचे, याची शिफारस अशाच निष्कर्षांवर उभी राहते. लोकसमजही त्यातून तपासले जातात. चिमणी देशभर संपत चालल्याची हाकाटी होती. २०२० च्या अहवालानुसार मोठ्या शहरांत ती घटली असली, तरी देशपातळीवर तिची संख्या साधारण स्थिर आहे.

आणि रानपिंगळा? २०१४ मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात आढळला. शहाद्यापासून कितीतरी दक्षिणेला, आणि या वेळी पुराव्याला छायाचित्र होते.