तलवारीपासून तंबोऱ्यापर्यंत

आज आपण आष्ट्यात जमलोय. इथून सांगलीमार्गे मिरज काही लांब नाही. मिरज म्हटलं की आपल्याला रेल्वे जंक्शन आठवतं, दवाखाने आठवतात. पण देशभरातल्या गवयांना मिरज आठवते ती तंबोऱ्यासाठी. आजचा आपला विषय आहे पारंपरिक कारागीर कसा टिकतो हा. त्याचं उत्तर आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात सापडतं का, ते आपण पाहू.

ही वाद्यं घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि पाणी देणारे. पेशवाई गेली, इंग्रजी अंमल बसला, आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. हातात कसब होतं, पण काम नव्हतं. अशा वेळी, साधारण 1850 च्या सुमारास, फरीदसाहेब आणि मोहिद्दीन या शिकलगारांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली, असं मिरजेची परंपरा सांगते. दुरुस्ती करता करता ते नवीन वाद्यं घडवू लागले. पुढे ‘सतारमेकर’ हेच आडनाव झालं.

इथे आपण जरा थांबू या. ही कला जगली ती कुणी कीव केली म्हणून नाही. मिरजेचे पटवर्धन संस्थानिक संगीताचे शौकीन होते. त्यांच्या आश्रयाने गवई, बीनकार गावात येत. त्यांची वाद्यं बिघडत, आणि ती नीट करणारा माणूस लागत असे. म्हणजे कारागिराला मदत नव्हे, काम मिळालं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत शिकवत होते. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं दरबारातून शाळेत आलं, तशी घराघरांत वाद्यांची गरज वाढली. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. गवई आणि कारागीर एकाच गावात राहू लागले. तंबोरा कसा बोलला पाहिजे, हे गाणाऱ्याने समोर बसून सांगायचं आणि कारागिराने ते ऐकून करायचं, अशी सोय झाली.

आता काम कसं चालतं ते बघा. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठाहून. हा खायचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. तो वाळवायचा, भिजवून कापायचा, आतला गर काढायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. शेवटचं काम जवारीचं. घोडीचा माथा कानसेने अगदी हलक्या हाताने घासत जायचं. तार घोडीला कुठे टेकते आणि कुठून सुटते, यावर सगळा नाद ठरतो. एक घास जास्त झाला की आवाज बसला. याचं माप पट्टीवर नाही, कानात आहे. म्हणून एखादी पिढी मधेच तुटली, तर हे ज्ञान पुस्तकातून परत आणता येत नाही.

आणि आज तुटायची भीती आहेच. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग तो मोबाईलमध्ये आला. रियाजाला चार तारा जुळवायची गरज उरली नाही. शिकायला वर्षं लागतात, कमाई बेताची. मग मुलगा म्हणतो, मी नोकरी बघतो. त्याला दोष कसा द्यायचा?

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाचीच गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे काय, हे नीट समजून घेऊ. ते नावाचं रक्षण करतं. दुसरीकडे बनलेलं वाद्य ‘मिरजेचं’ म्हणून विकता येत नाही. गिऱ्हाईक मात्र ते आणून देत नाही. कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घ्या. तिला 2019 मध्ये मानांकन मिळालं, आणि त्यात कोल्हापूरबरोबर आपला सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. तरी 2025 च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये तसल्याच चपला दाखवल्या, आणि सुरुवातीला आपल्या कारागिरांचं नावही घेतलं नाही. ओरड झाली, तेव्हा कंपनीने मान्य केलं. म्हणजे कागद हवाच, पण कागदामागे जागी माणसंही हवीत.

मग आपण काय करायचं? इतिहास सांगतो ते सोपं आहे: काम द्या. आपल्या शाळांत, भजनी मंडळांत, घराच्या माळ्यावर किती तंबोरे, सतारी धूळ खात पडल्यात? एक खाली उतरवा आणि मिरजेला जवारीला न्या. ठरलेली मजुरी घासाघीस न करता द्या. आणि हो, जाताना घरातलं एखादं पोर बरोबर न्या. कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, कान देतो, पुन्हा घासतो. हे पोराला बघू द्या. फरीदसाहेबांचीही सुरुवात दुरुस्तीनेच झाली होती.