गाणारा तोतरा

संगीत नाटकांतील विनोदाची चर्चा करतांना व्यंग असलेल्या पात्रांच्या थट्टेचा विषय आपले टीकाकार सहसा टाळतात. अभिरुचीचा प्रश्न म्हणून दोन वाक्यें लिहितात आणि पुढें सरकतात. मलाहि कदाचित् तेंच सोयीचें वाटलें असतें. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांनीं स्नेहसंमेलनांत एक संगीत प्रहसन केलें. त्यांत एक तोतरा नोकर होता. पदाच्या दर ओळींत तो एखाद्या अक्षराशीं चारपांचदां अडखळे आणि दर वेळीं सभागृहांत हंशा पिके. मीहि पोटभर हंसलों. हंसतां हंसतां पलीकडच्या रांगेकडे नजर गेली. तेथें माझ्याच वर्गांतला एक मुलगा बसला होता. हजेरीच्या वेळीं 'हजर' हा एवढासा शब्द त्याच्या तोंडून कधीं एका दमांत निघत नसे. तो हंसत नव्हता. टाळ्या मात्र सर्वांबरोबर वाजवीत होता.

युरोपांतील संगीत नाटकाला, म्हणजे ऑपेऱ्याला, हें पात्र जवळजवळ बाळपणापासून ठाऊक आहे. व्हेनिस शहरीं १६४० सालीं झालेल्या मोंतेवर्दीच्या युलिसीसविषयक नाटकांतला खादाड ईरो तोतरा आहे. त्याच शहरीं १६४९ सालीं काव्हाल्लीचें 'जासोने' रंगभूमीवर आलें. त्यांतला देमो नांवाचा नोकर तोतराहि आहे आणि कुबडाहि. एका व्यंगानें भागलें नाहीं, म्हणून कवीनें दोन दिलीं! आपण याबद्दल परक्यांस हंसावें असें मात्र नाहीं. भरतानें नाट्यशास्त्रांत विदूषक सांगितला आहे तो ठेंगणा, दंतुर, कुबडा, टकला, पिंगट डोळ्यांचा. तथापि कालिदासाचें चातुर्य पाहा. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत विदूषक अंग मोडल्याचें सोंग घेऊन काठीवर रेलतो, आणि कुबड्यासारखा वांकलेला वेत स्वतःच्या बळानें वांकतो कीं नदीच्या वेगानें, असें राजालाच विचारतो. विनोदाचें टोंक कुबड्याकडे नसून मृगयेच्या नादीं लागलेल्या राजाकडे आहे. १८८० सालीं किर्लोस्करांनीं ज्या नाटकानें मराठी संगीत रंगभूमीचा पाया घातला तें हेंच, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

परंतु या प्रश्नाचें खरें मर्म मला सांपडलें तें मोत्सार्टच्या एका तालमींत. 'फिगारोचा विवाह' हें त्याचें नाटक १ मे १७८६ रोजीं व्हिएन्ना येथें प्रथम झालें. त्यांत दोन कुर्त्सिओ नांवाचा एक तोतरा न्यायाधीश आहे. ही भूमिका मायकेल केली या तेवीस वर्षांच्या आयरिश गायकाकडे होती. तिसऱ्या अंकांत सहा जणांचें एक समूहगान आहे. तेथें मोत्सार्टनें त्याला बजावलें कीं, एरवीं हवा तेवढा अडखळ, येथें नको. गाण्याचा विचका होईल. केलीनें हट्ट धरला. जो माणूस साऱ्या प्रवेशभर तोतरा आहे तो नेमका येथेंच घडघडीत कसा गाईल? तें अस्वाभाविक दिसेल. अखेर मोत्सार्टनें ऐकलें. प्रयोगाच्या रात्रीं प्रेक्षक हंसले, मोत्सार्टहि हंसला, आणि पडदा पडल्यावर त्यानें केलीचा हात हातांत घेऊन आपली चूक कबूल केली. ही हकीकत खुद्द केलीनेंच १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितली आहे, म्हणजे साक्षीदार व विजयी पक्ष एकच. तेवढी सूट घालून ती वाचावी.

माझें मत असें कीं, मोत्सार्टचें आधींचें म्हणणेंच निसर्गाला अधिक धरून होतें. बहुतेक तोतरीं माणसें गातांना अडखळत नाहींत. ताल पुढचें अक्षर आपल्याबरोबर ओढून नेतो, लांबविलेला स्वर वाट मोकळी करतो. वर सांगितलेल्या मुलालाच मीं पुढें एका सहलींत अभंग म्हणतांना ऐकलें. एक अक्षर अडलें नाहीं. तेव्हां गद्य नाटककाराला 'जगांत असें आहे, म्हणून मीं लिहिलें' हा बचाव निदान तोंडापुरता तरी करतां येतो. संगीत नाटककाराला तोहि नाहीं. त्यानें बांधलेल्या पदांतलें प्रत्येक अडखळणें त्यानें मात्रा मोजून घातलेलें असतें. यावर कोणी म्हणेल कीं, ऑपेऱ्यांत गाणें हेंच बोलणें, मग तेथें निसर्गाचा प्रश्नच कोठें येतो? आक्षेप वजनदार आहे. पण त्याचा अर्थ इतकाच कीं, निसर्गाचा दाखला दोन्ही पक्षांनीं खालीं ठेवावा, आणि हा हंशा कशाकरितां मागितला तें सरळ सांगावें. न्यायाधीशाची जीभ अडखळते तेव्हां निदान सत्तेची फजिती होते. देमोच्या बाबतींत तेंहि समाधान नाहीं.

स्मेतानाच्या 'विकलेल्या वधू'चें (प्राग, १८६६) संगीत मला अत्यंत प्रिय आहे, आणि त्यांतील व्हाशेक मला अजून सलतो. श्रीमंत घरचा हा भोळा, तोतरा मुलगा. नायिका त्याला गोड बोलून फसविते, सर्कशीचे लोक त्याला अस्वलाचें कातडें पांघरायला लावतात, आणि शेवटीं साऱ्या गांवाच्या हंशांत त्याची आई त्याला ओढून नेते. मग नायक-नायिकेचा आनंदसोहळा. पुढें आठच वर्षांनीं, १८७४ सालीं, स्मेताना स्वतः ठार बहिरा झाला. १८७६ मधील त्याच्या आत्मचरित्रपर चतुर्वादनाच्या शेवटीं एक कर्कश उंच स्वर अचानक घुसतो. बहिरेपण येतांना कानांत जो नाद उठला तो हा. आपल्या व्यंगाला त्यानें स्वर दिला तेव्हां त्यांत थट्टेचा लवलेश नव्हता. यावरून व्हाशेकबद्दल त्याला पश्चात्ताप झाला असें मी म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास आधार नाहीं.

व्यंग रंगभूमीवर आणूंच नये, असा सोंवळा नियम करणारेहि झाले आहेत. 'रिगोलेत्तो'तल्या विदूषकाचें कुबड नको, असा व्हेनिसच्या परीक्षकांचा आग्रह होता. व्हेर्दीनें १८५० च्या डिसेंबरांत साफ कळविलें कीं, बाहेरून विद्रूप व हास्यास्पद, आणि आंतून उत्कट व प्रेमळ असा हा माणूस आहे म्हणूनच आपण हा विषय घेतला. मार्च १८५१ मध्यें कुबड कायम ठेवूनच प्रयोग झाला. त्यानंतर शंभर वर्षांनीं, डिसेंबर १९५१ मध्यें, लंडनला ब्रिटनचें 'बिली बड' झालें. त्यांतल्या खलाशावर खोटा आळ येतो, उत्तर द्यायला जीभ वळत नाहीं, हात उठतो, आणि त्या एका ठोशापायीं त्याला फांशीं जावें लागतें. तोतरेपण तेंच, हंसायला मात्र जागा नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं पुढच्या वर्षीं तेंच प्रहसन पुन्हां करायचें ठरविलें, तेव्हां नोकराचें पात्र मीं गाळूं दिलें नाहीं. गद्यांत तो अडखळेल, पदांत अडखळणार नाहीं, एवढीच अट घातली. हंशा पहिल्यापेक्षां कमी झाला, हें कबूल केलें पाहिजे. पदाला मात्र वन्समोअर मिळाला.