ओठांवरचे मत आणि पडद्याआडचे मत

पोटात एक आणि ओठांवर एक, असे आपण एखाद्या माणसाविषयी बोलतो तेव्हा त्यात निंदेचा सूर असतो. परंतु एका सबंध शहराविषयी असे म्हणण्याची पाळी आली, तर तिला निंदा म्हणावयाचे की इतिहास? आजच्या विषयाकडे मी या प्रश्नाच्या वाटेने जाणार आहे. विषय आहे न्यूयॉर्क शहराची १९८९ सालची महापौरपदाची निवडणूक, आणि त्या निवडणुकीपूर्वी मतचाचण्यांनी वर्तविलेले भविष्य.

प्रारंभी एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे मुंबईचा वा पुण्याचा महापौर नगरसेवक निवडतात आणि कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. न्यूयॉर्कचे तसे नाही. तेथील महापौर नागरिकांच्या प्रत्यक्ष मतांनी निवडला जातो. पोलीस खाते, अंदाजपत्रक, खातेप्रमुखांच्या नेमणुका हे सारे त्याच्या अखत्यारीत येते. त्या काळी सुमारे ७३ लाख वस्ती असलेल्या या शहराचा महापौर कोण होणार, हे आधी कळावे अशी उत्सुकता असणे स्वाभाविकच होते.

ही उत्सुकता भागविण्याचे शास्त्र अमेरिकेत ठेच खाऊनच शिकले गेले. १९३६ साली अध्यक्षपदाच्या निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुन्याच्या मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने लँडन हे रूझवेल्ट यांचा पराभव करणार असे छापले. झाले उलटेच! ४८ राज्यांपैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. साप्ताहिकाने नावे घेतली होती ती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या दिवसांत ज्याच्या घरी टेलिफोन नव्हता, त्याला कोणी विचारलेच नव्हते. आणि ज्यांना विचारले त्यांतीलही बहुसंख्यांनी उत्तर धाडले नव्हते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर, पण समाजाच्या निरनिराळ्या थरांतून निवडलेल्या माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला. शिताची परीक्षा करावयाची तर भात आधी नीट ढवळला पाहिजे, एवढाच या गोष्टीचा मथितार्थ.

तेव्हापासून मतचाचणीवाल्यांनी आपली सारी बुद्धी कोणाला विचारावे या प्रश्नावर खर्च केली. उत्तर देणारा खरे सांगतो की नाही, हा प्रश्न मात्र मागे राहिला. तो पुढे आणला लॉस एंजेलिस शहराने.

टॉम ब्रॅडली हे तेथील पोलीस खात्यातून निवृत्त झालेले कृष्णवर्णीय नगरसेवक. १९६९ साली ते महापौरपदासाठी उभे राहिले. एप्रिलमधील पहिल्या फेरीत त्यांना शेकडा ४२ मते मिळाली, तर महापौर सॅम यॉर्टी यांना अवघी २६. दुसऱ्या फेरीपूर्वीच्या चाचण्यांतही ब्रॅडली पुढेच होते. पण मे महिन्यात शेकडा ५३ मते घेऊन यॉर्टी निवडून आले. चार वर्षांनी ब्रॅडली यांनी ते पद जिंकले आणि पुढे सलग वीस वर्षे सांभाळले. १९८२ साली ते कॅलिफोर्निया राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, तेव्हा पुन्हा तोच प्रकार घडला. चाचण्यांत आघाडी, प्रत्यक्षात एक लाखाहून कमी मतांनी हार. या तफावतीला तेव्हापासून ‘ब्रॅडली परिणाम’ असे नाव पडले.

आता न्यूयॉर्ककडे वळू. १९८९ च्या ऑगस्टमध्ये ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्ट भागात सोळा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने गोळी घालून बळी घेतला. शहर हादरले. तीनच आठवड्यांनी, १२ सप्टेंबरला, डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत डेव्हिड डिंकिन्स यांनी तीन वेळा महापौर झालेल्या एड कॉच यांना हरविले. डिंकिन्स मृदुभाषी, कृष्णवर्णीय, मॅनहॅटन विभागाचे अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे रुडॉल्फ ज्युलियानी उभे होते. शहरात नोंदलेले डेमोक्रॅट रिपब्लिकनांच्या कितीतरी पट होते. मतदानाच्या आधीच्या दिवसांतील चाचण्या डिंकिन्स यांना शेकडा दहाहून अधिक मतांची आघाडी देत होत्या.

७ नोव्हेंबरला मते मोजली गेली. डिंकिन्स ९,१७,५४४ आणि ज्युलियानी ८,७०,४६४! अंतर ४७,०८० मतांचे, म्हणजे शेकडा ३ हूनही कमी. मत देऊन बाहेर पडलेल्या लोकांना दारातच विचारले होते, त्या आकड्यांतही डिंकिन्स यांचे मताधिक्य फुगलेले होते. त्याच दिवशी व्हर्जिनिया राज्यात डग्लस वाइल्डर हे पहिले निर्वाचित कृष्णवर्णीय गव्हर्नर झाले, तेही सात हजारांहून कमी मतांनी. तेथेही दारात विचारलेल्या लोकांनी मोठ्या विजयाची ग्वाही दिली होती.

याचा अर्थ काय लावावयाचा? पहिला आणि सोपा अर्थ असा, की काही गोरे मतदार विचारणाऱ्याला एक सांगत आणि मत दुसरे देत. या अर्थाला आधार आहे. व्हर्जिनियातील त्या निवडणुकीचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की फोनवर प्रश्न विचारणारी व्यक्ती कृष्णवर्णीय असली म्हणजे वाइल्डर यांना मत देऊ म्हणणाऱ्या गोऱ्यांचे प्रमाण वाढते. उत्तर बदलत होते ते कानावर पडणाऱ्या आवाजानुसार!

परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने सोप्या अर्थावर थांबू नये. ‘अजून ठरविले नाही’ असे सांगणारे लोक प्रत्येक चाचणीत असतात. ते शेवटच्या क्षणी एकाच बाजूला गेले तर कोणीही खोटे न बोलता अंदाज चुकतो. डिंकिन्स यांनी पूर्वी चार वर्षांची प्राप्तिकराची विवरणपत्रे भरली नव्हती, आणि ज्युलियानी यांनी प्रचारात त्यावर बोट ठेवले होते. त्यामुळे मन बदलणारेही असतील. १९८२ साली कॅलिफोर्नियात टपालाने आलेल्या मतांनी पारडे फिरविले होते, आणि ती मते देणाऱ्यांना दारात गाठणे कोणालाच शक्य नव्हते. तेव्हा प्रत्येक तफावतीचे खापर लोकांच्या खोटेपणावर फोडणे न्यायाचे होणार नाही. मात्र वेगवेगळ्या शहरांत आणि राज्यांत, वीस वर्षे, चूक एकाच दिशेने व्हावी, हा निव्वळ योगायोगही नव्हे.

त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये मतदान यंत्रावर होत असे. मतदार आत शिरून मोठा दांडा ओढी, त्याबरोबर मागे पडदा मिटे. नावांपुढच्या लहान कळा दाबून तोच दांडा परत ओढला की मत नोंदले जाई आणि पडदा उघडे. हा पडदा लोकशाहीने मोठ्या कष्टाने मिळविलेला आहे. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदाराला आपल्या उमेदवाराचे नाव सर्वांदेखत सांगावे लागे. ते जमीनदाराच्या कानी जाई, मालकाच्या कानी जाई. दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि व्हिक्टोरिया या वसाहतींनी १८५६ साली गुप्त मतदान सुरू केले, आणि १८८८ पासून ती पद्धत अमेरिकेतील राज्यांनी एकामागून एक उचलली. दुर्बलाला बलवानाच्या नजरेपासून वाचविणे, हा पडद्याचा हेतू. पण पडदा माणसामाणसांत भेद करीत नाही. कुळाची भीती तो झाकतो, तसा शेजाऱ्याविषयीचा आकसही झाकतो. म्हणून तो फाडावयाचा का? मुळीच नाही. आकस उघडा पाडण्यासाठी भित्र्याला उघडे पाडावे, हा सौदा फार महागाचा होईल.

मला या साऱ्या प्रकरणात आशेची एक जागा दिसते. परक्या माणसाने विचारले असता जो गोरा मतदार ‘मी डिंकिन्सना मत देईन’ असे सांगून ते देत नव्हता, त्याने असत्य सांगितले हे खरे. परंतु रंगावरून माणूस नाकारणे लाजिरवाणे आहे, एवढे तरी तो जाणत होता. त्याच्या आजोबांना ही लाज वाटली नसती. त्यांनी आपले मत चारचौघांत छातीठोकपणे सांगितले असते. ओठांवरचे मत आणि पडद्याआडचे मत यांतील अंतर म्हणजे समाजाच्या मनातील शरम आणि सवय यांच्यामधले अंतर. जीभ आधी सुधारते, हात मागाहून.

हात खरोखर मागाहून सुधारले काय? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गव्हर्नर आणि सिनेट यांच्या कितीतरी निवडणुका तपासल्या गेल्या. तीत असे दिसले, की १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून ही तफावत जवळजवळ नाहीशी झाली. २००८ साली बराक ओबामा अध्यक्ष झाले तेव्हा अखेरच्या चाचण्यांची सरासरी निकालाच्या अगदी जवळ होती. पण येथेही सावध राहिले पाहिजे. ओठ आणि हात यांतील अंतर दोन प्रकारे मिटते. हात ओठांपर्यंत चढतो, किंवा ओठ हातापर्यंत उतरतात. लाज सरली म्हणजेही चाचण्या अचूक येतील! दोन्ही प्रसंगी आकडा सारखाच दिसेल. फरक कळेल तो शेजार कसा नांदतो आहे हे पाहूनच.

म्हणून, श्रोतेहो, निवडणुकीच्या हंगामात चाचण्यांचे आकडे कानी येतील तेव्हा ते जरूर ऐका. किती लोकांना विचारले, कोणाला वगळले, हे तर पाहाच. पण त्याबरोबर, या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावयास आपल्या गावात कोणाला संकोच वाटत असेल, हेही मनाशी ताडून पाहा. तो संकोच भीतीचा असेल, तर ती भीती घालविणे आपले सर्वांचे काम आहे. आणि तो शरमेचा असेल, तर पडद्याआड आपण एकटे असताना आपला स्वतःचा हात कोणत्या कळेवर जातो, तेवढे ज्याने त्याने तपासावे.