एक डिस्क, दोन हिशेब : युनिक्स-परंपरेतील ‘हरवलेल्या’ जागेचा विचार

लिनक्स प्रणाली सांभाळणाऱ्यास केव्हा ना केव्हा एका कोड्याला तोंड द्यावे लागते. डिस्क पूर्ण भरली आहे, असे ‘डीएफ’ ही आज्ञा सांगते. परंतु ‘डीयू’ या आज्ञेने सर्व डिरेक्टरींची बेरीज करावी, तर ती त्याहून पुष्कळच कमी भरते. मधली जागा गेली कोठे? दोहोंपैकी एक हिशेब खोटा असला पाहिजे, असा ग्रह सहजच होतो. प्रस्तुत टिपणात असे दाखवावयाचे आहे की, दोन्ही हिशेब खरे असून ते निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. आणि हे प्रश्न वेगळे का पडले, याचे उत्तर इतिहासात आहे.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन, डेनिस रिची आणि रड कॅनडे यांनी एका नव्या फाइल-व्यवस्थेचा आराखडा तयार केला. पुढे युनिक्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या प्रणालीचा तो पाया होय. या आराखड्यात फाइल आणि फाइलचे नाव यांची फारकत करण्यात आली. फाइलचा आकार, तिने व्यापलेले भाग इत्यादी तपशील एका क्रमांकित नोंदीत राहतो. या नोंदीस आज ‘आयनोड’ म्हणतात. डिरेक्टरीमध्ये केवळ नाव आणि क्रमांक यांची जोडी असते. म्हणून एकाच फाइलला अनेक नावे असू शकतात आणि, विशेष म्हणजे, एकही नाव नसलेली फाइलही काही काळ अस्तित्वात राहू शकते.

नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स-पुस्तिकेत ‘डीएफ’ व ‘डीयू’ या दोन्ही आज्ञा आढळतात. पहिली मोकळी जागा सांगते. दुसरी डिरेक्टरींतून फिरून तेथे सापडणाऱ्या फाइलींची जागा मोजते. आजही ‘डीएफ’ फाइल-व्यवस्थेकडे तिची एकूण शिल्लक विचारते, आणि ‘डीयू’ नावांच्या वाटेने घरोघर जाऊन शिरगणती करते. ज्याचे दार तिला सापडत नाही, तो तिच्या गणतीत येत नाही.

असे बिनदाराचे रहिवासी कोण? पहिला प्रकार नाव पुसलेल्या, पण उघड्या राहिलेल्या फाइलींचा. एखादी फाइल कोणत्याही प्रोग्रामने उघडलेली असेल, तर शेवटचे नाव गेले तरी ती बंद होईपर्यंत तिचा नाश लांबणीवर पडतो. १९७९ मधील सातव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत हा नियम स्पष्ट नोंदलेला आहे. दुसरा प्रकार झाकल्या गेलेल्या फाइलींचा. एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी फाइल-व्यवस्था जोडली, म्हणजे तिच्यातील मूळ फाइली दिसेनाशा होतात, पण जागा सोडीत नाहीत.

तिसरी बाब राखीव जागेची. तिचा ‘डीयू’शी संबंध नाही, ‘डीएफ’च्या स्वतःच्या रकान्यांतच वापरलेली व उपलब्ध जागा मिळून एकूण जागा भरत नाही. बर्कली येथील संशोधकांनी आपल्या वेगवान फाइल-व्यवस्थेचे विवेचन १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. डिस्क अगदी भरत आली की फाइलचे भाग जवळजवळ ठेवता येत नाहीत आणि वेग घटतो. म्हणून सुमारे १० टक्के जागा मोकळी राखण्याची तजवीज तीत होती. १९९३ मध्ये लिनक्ससाठी आलेल्या ‘एक्स्ट-टू’ व्यवस्थेने हाच विचार उचलला व मुख्य प्रशासकासाठी ५ टक्के जागा राखण्याचा प्रघात पाडला. ‘एक्स्ट-फोर’मध्येही तो चालू आहे. १,००० गिगाबाइटांच्या डिस्कवर ही जागा ५० गिगाबाइट होते. लहान डिस्कच्या काळी जी शिल्लक माफक होती, ती आज डोळ्यांत भरते.

हा भेद केवळ विद्वत्तेचा विषय नाही. डिस्क भरली म्हणून प्रशासक मोठी नोंद-फाइल पुसतो. ती लिहिणारा प्रोग्राम चालूच असल्यामुळे जागा सुटत नाही. मग तो दुसरी पुसतो, तिसरी पुसतो. जागा मिळत नाही, आणि पुरावा मात्र जातो. अशा वेळी ‘एलएसओएफ’ या साधनाने नाव नसलेल्या उघड्या फाइली शोधता येतात. तो प्रोग्राम बंद केला की जागा परत मिळते. पण त्याच क्षणी त्या फाइलीचा मजकूरही कायमचा जातो. प्रोग्राम जिवंत असेतोवर ‘प्रॉक’ या डिरेक्टरीमार्फत त्या मजकुराची प्रत काढून घेता येते. म्हणून आधी प्रत, मग बंद, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास ही पद्धत अपरिचित वाटू नये. दोन साधनांत विसंगती आढळली, तर त्यांतील एक तत्काळ त्याज्य ठरविणे ही चिकित्सा नव्हे. प्रत्येक साधनाला माहिती कोणत्या मार्गाने मिळाली, हे प्रथम विचारावे लागते. एक साक्षीदार नावे वाचतो, दुसरा जमीन मोजतो; त्यांच्या जबान्यांत जे अंतर पडते, तेच बहुधा शोधाचे खरे स्थळ असते.