पणजोबांचं नाव सर्च करून पाहा

मी धामणगाव रेल्वेहून बोलतोय. आजचा भाग पितरांवर. आपल्या आणि जपानच्याही.

जपानमध्ये बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यात 'ओबोन' असतो. आपल्या पितृपक्षासारखाच. पितर घरी येतात, त्यांच्यासाठी दिवे लागतात, जेवण मांडतात. त्यातच १५ ऑगस्ट येतो. आपला स्वातंत्र्यदिन, आणि त्यांचा १९४५ चं युद्ध संपल्याचा दिवस. फोटोतले गणवेशातले पणजोबा कोण, हे विचारायला तिथल्या पोरांना निमित्त मिळतं.

त्यातले कित्येक पणजोबा आपल्या सीमेवर मेले. १९४४ च्या इंफाळ मोहिमेत सुमारे ८५ हजार जपानी सैनिक उतरले, त्यातले ३० हजारांच्या आसपास गेले. पुष्कळसे भुकेनं आणि आजारानं. युद्धात अनेक जपानी घरांत अस्थींच्या डब्यातून नुसता दगड नाहीतर कागद आला.

समोर आपलीच माणसं होती. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण लढली. आझाद हिंद सेनेतले भारतीय जपानच्या बाजूनं होते.

आता हिशेब बघा. तर्पणात वडील, आजोबा, पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. तुम्ही आज सोळा वर्षांचे असाल, तर १९४४ चा सैनिक साधारण पणजोबांच्या पिढीतला. म्हणजे यादीतलं शेवटचं नाव. पुढच्या पिढीत ते गळणार. लग्नाआधीच गेलेल्याला तर थेट वारसही नाही. जपानी बौद्ध घरांतही ३३ किंवा ५० वर्षांनी शेवटचं श्राद्ध होतं आणि तो माणूस सगळ्या पूर्वजांत मिसळतो. विधी नाव कायम सांभाळत नाही. ते काम कागदाचं.

तो कागद आता मोबाइलवर आहे. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर युद्धात मेलेल्यांची नावं फुकट शोधता येतात. काही नोंदींत वडिलांचं नाव, गावही सापडतं. पण 'महाराष्ट्र' टाकू नका, हे राज्य १९६० चं. 'बेरार' टाका. अमरावतीचं जुनं इंग्रजी स्पेलिंग 'अमराओती' असं वाचलं जाईल, तेही टाकून बघा.

जे जिवंत परतले, ते या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी घरातली जुनी पेटी उघडा. पेन्शनचा कागद, 'बर्मा स्टार' पदक. आणि आजीला विचारा, ती आहे तोवर.

नाव मिळालं तर यंदा सर्वपित्रीला मोठ्यानं घ्या.