शिंपला, मत्स्यालयातील
शिंपला, मत्स्यालयातील : मृदुकाय संघाच्या शिंपाधारी वर्गातील, दोन पुटांच्या कवचात राहणारा जलचर. कोकणात तिसऱ्या, मुळे अशा नावांनी तो ताटात येतो. घरच्या काचेच्या टाकीत तो पाळला जातो तो रंगासाठी किंवा पाणी गाळण्याच्या गुणासाठी. पाळण्याच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार पडतात : प्रवाळांच्या खाऱ्या टाकीतला महाशिंपला आणि तळ्यातला गोड्या पाण्याचा शिंपला. कोणता पाळणे सोपे, हे समुद्र किती जवळ आहे यावरही ठरते. उदाहरणार्थ, नागपूर जिल्ह्यातले भिवापूर. तिथून अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ, आणि तोही ५०० किलोमीटरहून दूर. अशा ठिकाणी दुसरा प्रकारच खरा जवळचा ठरतो.

शिंपल्याला डोके नसते, दातही नसतात. एका निनालातून (नळीतून) पाणी आत येते, क्लोमांवरून (कल्ल्यांवरून) वाहते आणि दुसऱ्या निनालातून बाहेर पडते. क्लोमांवरचे सूक्ष्म केस पाण्यातले शैवलाचे कण अडवून चिकट धाग्यांतून तोंडाकडे सरकवतात. श्वास आणि घास या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने होतात. म्हणून माशांना टाकलेल्या गोळ्या शिंपल्याच्या उपयोगाच्या नसतात. त्याला पाण्यात तरंगणारे, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढे जिवंत अन्न लागते. चांगल्या गाळणीने आरशासारखे स्वच्छ केलेल्या पाण्यात नेमके तेच उरत नाही. घरच्या टाकीत मरणारे बहुतेक शिंपले उपासमारीने मरतात. कवच बारीक होत नसल्याने ती बाहेरून दिसत नाही. साठवलेल्या चरबी-शर्करेवर प्राणी आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही तग धरतो. मालकाला वाटते, याला काहीच लागत नाही.

महाशिंपल्याची गोष्ट वेगळी आहे. ट्रायडॅक्ना प्रजातीच्या या शिंपल्यांच्या निळ्या-हिरव्या प्रावारात (कवचाच्या आतल्या मांसल पडद्यात) सहजीवी शैवल राहते. ते उजेडात साखर तयार करते आणि यजमानाला देते. सर्वांत मोठी जाती ट्रायडॅक्ना गिगास एक मीटरहून लांब आणि २०० किलोहून जड होते. टाकीत दिसतात त्या क्रोसिया, मॅक्झिमा, स्क्वामोसा आणि डेरासा या लहान जाती. उजेड दिला की पोट भरले, असा समज त्यांच्याबाबत फार पसरला आहे. तो अर्धाच खरा आहे. गिगासवर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान पिल्लांच्या कर्बाच्या गरजेपैकी सुमारे ६५ टक्के वाटा गाळून खाल्लेल्या अन्नाने भागवल्याचे आढळले. मोठ्या प्राण्यांत तो ३४ टक्क्यांवर आला होता. म्हणजे पिल्लू जितके लहान तितकी त्याला वनस्पतिप्लवकांची गरज जास्त. खाऱ्या टाकीत त्यासाठी नॅनोक्लोरॉप्सिस, आयसोक्रायसिस यांसारखी शैवले देतात. कवच बांधण्यासाठी लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम, २४ ते २७ अंश सेल्सिअस तापमान आणि थोडे नायट्रेट लागते. खडकाला चिकटलेला महाशिंपला ओढून काढू नये. त्याचे सूत्रगुच्छ (चिकटून राहण्याचे धागे) मुळापासून तुटले तर प्राणी सहसा वाचत नाही.

या शिंपल्याच्या मोहात पडण्याआधी कायदा पाहावा. ट्रायडॅक्ना मॅक्झिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस या जाती २००१ पासून भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पाषाणी प्रवाळांनाही तेच संरक्षण आहे. महाशिंपल्यांचे सगळे कुळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येते. लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळभित्तीवरून उचललेला प्राणी दिवाणखान्यात ठेवणे हा गुन्हा आहे. परदेशातल्या पैदास-केंद्रातून आलेल्या प्राण्यालाही कागद लागतात. विक्रेत्याकडे ते नसतील तर सौदा तिथेच सोडावा.

गोड्या पाण्याचा शिंपला पूर्व विदर्भाला नवा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आणि नागपूरच्या पूर्व भागात माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडचे ‘मामा तलाव’, आजही शेताला पाणी देतात. अशा तलावांच्या गाळात लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस हा काळपट-तपकिरी, आठ-दहा सेंटिमीटर लांब शिंपला रुतून बसतो. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने मोत्यांसाठी ज्या जाती वापरल्या, त्यांत ही प्रमुख आहे. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यामुळे शिंपला उचलण्याआधी तलाव राखणाऱ्या ढीवरांना विचारावे. कोणत्या कोपऱ्यात गाळ मऊ आहे, हेही त्यांनाच ठाऊक असते.

या शिंपल्यासाठी टाकीच्या तळाला आठ-दहा सेंटिमीटर बारीक, गोल कणांची वाळू लागते. खडीत त्याचा पाय रुतत नाही. १०० लिटर पाण्यात एक शिंपला पुरे. कठीण पाणी त्याला मानवते, कारण कवचाला लागणारा चुना त्यात असतो. नळाचे पाणी मात्र क्लोरीन उडवूनच घालावे. माशांच्या बुरशीवर किंवा परजीवींवर दिले जाणारे तांबेयुक्त औषध शिंपल्याला विष आहे. ते वापरायचे झाल्यास आजारी मासे वेगळ्या भांड्यात हलवावेत.

विदर्भाचा उन्हाळा ही वेगळी परीक्षा आहे. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि शिंपल्याची भूक मात्र वाढते. इथली कोरडी हवा मदतीला येते. पाण्याच्या पृष्ठावर छोट्या पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने तापमान काही अंश उतरते. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा फारसे काम करत नाही. आटलेल्या पाण्याची भरपाई रोज करावी. वीज गेली तर हाताने पाणी ढवळत राहावे.

अन्नासाठी हिरवे पाणी घरीच होते. पारदर्शक डब्यात टाकीचे पाणी बदलताना निघालेले जुने पाणी घ्यावे, त्यात फडक्यातून गाळलेले तळ्याचे पाणी कपभर मिसळावे आणि डबा अर्धवट उन्हात ठेवावा. साधारण आठवडाभरात पाणी पोपटी होते. गाळणी तासा-दोन तासांसाठी बंद करून हे पाणी टाकीत हलकी धूसर छटा येईल इतकेच ओतावे. गाळणी बंद असताना पाणी निवळू लागले तर शिंपला खातो आहे असे समजावे. पीठ, यीस्ट, दुधाची भुकटी घालू नये. त्याने पाणी नासते.

टाकीत त्याची पिल्ले मोठी होणे अवघड असते. मादीच्या क्लोमांत वाढलेल्या अळ्यांना काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहावे लागते. जिवंत शिंपल्याला बोट लागले की पुटे मिटतात. न मिटणारा शिंपला लगेच काढावा, नाहीतर त्यातून सुटणारा अमोनिया एका रात्रीत मासे मारतो. ज्यांना हा प्राणी आणायचा आहे त्यांनी आधी गच्चीवर किंवा अंगणात हिरव्या पाण्याचे दोन डबे तयार करावेत. ते हिरवे होईपर्यंत तळ्यावर जाऊ नये.